पोपट मेला, हे सांगणार कोण?

राजाच्या पोपटाची गोष्ट ऐकलेली नाही असा मराठी माणूस विरळाच. राजाने एक पोपट पाळला होता आणि ‘पोपट मेला’ असे जो कोणी येऊन सांगेल त्याचे मुंडके उडवीन, असा दम भरून ठेवला होता. व्हायचे तेच झाले. एके दिवशी पोपट मेला आणि रखवालदाराची पाचावर धारण बसली. तेव्हा एक चतुर गृहस्थ (कित्येक घरांत हा मान बिरबलाकडे जातो) दरबारात गेले व म्हणाले, “महाराज, पोपट खात नाही, पीत नाही, चोच उघडत नाही, पाय वर करून पडला आहे.” राजा ओरडला, “म्हणजे मेलाच की!” गृहस्थ हात जोडून म्हणाले, “ते आपण म्हणालात, मी नाही.”

लहानपणी या गोष्टीला आम्ही पोट धरधरून हसत असू. पण त्या दरबारात सगळे गप्प का बसले असतील, हे मला यंदा भाद्रपदात माझ्या माहेरी समजले.

माझे माहेर आसेगावचे, वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातले. तुरी, सोयाबीन, कपाशीचा मुलूख. घरी आई, दादा, वहिनी आणि त्यांचा दहा वर्षांचा मुलगा. पाचवा राघू. बारा वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात कडुनिंबाची फांदी मोडली, तेव्हा तिच्या ढोलीतून खाली पडलेले हे उघडेबोडके पिल्लू माझ्या वडिलांनी उचलून आणले आणि भिजवलेल्या डाळीवर वाढवले. त्याचा पिंजरा स्वयंपाकघराच्या दाराशी, ओसरीवर टांगलेला असे.

आमचे वडील जुन्या वळणाचे. आईला त्यांनी उभ्या जन्मात कधी नावाने हाक मारली नाही. शेतावरून आले की उंबऱ्याशी थांबून म्हणत, “आयकलं काय?” राघूने तेवढे एकच वाक्य पक्के उचलले होते, आणि नुसते वाक्य नव्हे, तर तो किंचित घोगरा आवाज, शेवटचा ओढलेला ‘काय’, सगळे हुबेहूब. चार वर्षांपूर्वी वडील गेले. त्यानंतरही रोज तिन्हीसांजेला ओसरीवरून हाक येत राहिली, “आयकलं काय?” आणि आई आतून “आयकलं, आयकलं” म्हणत भिजवलेले हरभरे घेऊन जात राहिली.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. ‘कादंबरी’ हा शब्द आपल्याकडे आला तो सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ग्रंथावरून, आणि त्या ग्रंथात राजापुढे कथा सांगणारा वैशंपायन हा एक पोपटच आहे, मागल्या जन्मीचा माणूस पोपटाच्या देहात आलेला, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. मुलांना तो कवीचा कल्पनाविलास वाटतो. आसेगावच्या ओसरीवर तिन्हीसांजेला बसले की मला तो तसा वाटत नसे.

यंदा महालक्ष्म्यांना मी गेले तेव्हा पिंजरा रिकामा होता.

घरातले चार गुन्हेगार

राघू पोळ्याच्या रात्री गेला होता. संध्याकाळी त्याने हरभरे खाल्ले, हाक मारली. सकाळी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला सापडला. पीस मोडलेले नाही, रक्ताचा थेंब नाही. दादाने त्याला कडुनिंबाखाली पुरले. या आठ दिवसांत दोनदा फोनवर बोलणे झाले, पण मला कोणी सांगितले नव्हते. मुलाला तर “दार उघडं राहिलं, उडून गेला” असे सांगितले होते. दहा वर्षांच्या मुलाला परसातली ताजी उकरलेली माती दिसत नाही, अशी मोठ्यांची समजूत!

पण मला खटकले ते वेगळेच. घरात राघूचे नावच कोणी काढीत नव्हते. वहिनी आईच्या नजरेला नजर देत नव्हती. दादा जेवून उठला की तडक शेतावर. दुःखात माणसे एकमेकांजवळ सरकतात. इथे ती लांब गेली होती.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी रात्री उलगडा झाला. मुलगा माझ्याजवळ निजला होता. अंधारात एकदम हुंदका देऊन म्हणाला, “आत्या, म्या त्या रात्री पिंजऱ्यावर धोतर टाकलंच नाई. इसरलो. म्हून मेला तो.” वडिलांचे जुने धोतर रोज रात्री पिंजऱ्यावर टाकायचे, हे काम त्याच्याकडे होते. तो उडून गेला नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

रडणे ऐकून घर जागे झाले. वहिनी दारातच थांबली आणि म्हणाली, “तुह्यानं नाई रे बाबू. पोळ्याच्या सकाळी गॅसवर तवा माह्याच्यानं जळला होता. सारा धूर ओसरीवर गेला.” दादा भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, “फवारणीचा पंप अन् कपडे आदल्या दिवशी मीच टांगले होते, पिंजऱ्याच्या खाली.” आणि आई! ती म्हणाली, “तुमचं काईच नाई. म्या त्याले पुरणाची पोयी देल्ली होती. सणाचं पाखरू उपाशी कसं ठेवू म्हून.”

आठ दिवस एका छपराखाली चार गुन्हेगार आपापला गुन्हा उराशी लपवून वावरत होते, आणि प्रत्येकाला वाटत होते की तो आपल्या एकट्याचाच आहे. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आईच म्हणाली, “अरे, एवढंसं तं पाखरू होतं. चौघं मिळून किती खेपा मारान त्याले?”

त्यावर दादाला हसू आले, आणि हसता हसता तो रडला. वडील गेल्यावरसुद्धा मी त्याला असे रडताना पाहिले नव्हते.

कारण कोठे दडलेले असते?

परत आल्यावर मी जमेल तेवढे वाचले, जाणकारांना विचारले. वाचकांपैकी ज्यांच्या घरी एखादे पाखरू असे अवचित गेले असेल, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ते इथे देते.

पहिली गोष्ट ही की, पक्ष्याचा मृत्यू अचानक दिसतो, पण आजार नेहमीच अचानक नसतो. रानात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या तोंडी आधी सापडतो. म्हणून दुखणे लपवणे हा त्याचा उपजत स्वभाव झाला आहे. तो खातो, बोलतो, दांडीवर ताठ बसतो आणि अंगात त्राण उरत नाही तेव्हाच कोसळतो. राघूसारखा पोपट वजनाने शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. त्याच्या शरीरात शिल्लक ती किती असणार? पिसे फुगवून बसणे, विष्ठेचा रंग वा पातळपणा बदलणे, छातीचे मधले हाड हाताला धारदार लागणे या बारीक खुणा आधी दिसू शकतात. पण आपण पोपट बोलतो की नाही एवढेच पाहतो.

दुसरी गोष्ट श्वासाची. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि श्वास घेताना व सोडताना, दोन्ही वेळा, ताजी हवा फुप्फुसांतून वाहते. उडण्यासाठी ही फार सोयीची व्यवस्था. पण विषारी धूरही तितक्याच झपाट्याने आत जातो. म्हणूनच इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणींत वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत, आणि तो प्रघात थेट १९८६ पर्यंत चालला. न चिकटणारा तवा रिकामा तापत राहून २६०-२८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला फारसा जाणवत नाही. शेजारच्या खोलीतला पक्षी मात्र काही मिनिटांत दगावू शकतो. डासांची अगरबत्ती, कीटकनाशकाचा फवारा, कोंडलेल्या खोलीतला धूप यांपासूनही पिंजरा दूर हवा.

फवारणीच्या विषाबद्दल आम्हा वऱ्हाडकरांना वेगळे सांगायला नको. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणाला मुकले. जे विष धडधाकट माणसाला पाडते, त्याच्याशी पाखराचा सामना कसला?

खाण्याचे म्हणाल तर पुरणपोळीच्या एका तुकड्याने पोपट सहसा मरत नाही. मात्र वर्षानुवर्षे शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया यांवरच पोसलेल्या पोपटाच्या यकृतात चरबी साठते, रक्तवाहिन्या कठीण होतात, ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडते. चॉकलेट आणि अवोकाडो हे फळ तर त्यांना विषच. जस्ताचा मुलामा दिलेली तार कुरतडून जस्ताची बाधा होते. रात्री मांजराच्या वा फटाक्याच्या भीतीने पिंजऱ्यात धडपडूनही पक्षी जातात. आणि विदर्भातला उन्हाळा आहेच; पक्ष्यांना घाम येत नाही.

या साऱ्यांतले राघूला काय झाले? तवा सकाळी जळला होता आणि संध्याकाळी तो हरभरे खात होता. म्हणून धूर बहुधा नव्हे. धडपड झाली असती तर पिसे विखुरली असती. म्हणून उघड्या पिंजऱ्याची भीतीही बहुधा नव्हे. विषाची शंका उरते, बारा वर्षांच्या शेंगदाण्यांची उरते. त्यापलीकडे आता जाता येत नाही.

जाता आले असते, पण त्यासाठी पहिला दिवस महत्त्वाचा. मेलेला पक्षी पिशवीत बंद करून थंड जागी ठेवावा, बर्फासारखा गोठवू नये, आणि शक्यतो त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावा. आमच्या भागात अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. पक्ष्याला उघड्या हातांनी शिवू नये, हेही सांगितले पाहिजे. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी आठशेंवर कोंबड्या पटापट मेल्या आणि २०२५ च्या जानेवारीत उदगीर शहरात कावळे झाडांवरून टपाटप पडू लागले. दोन्ही ठिकाणी तपासणीअंती बर्ड फ्लू निघाला. आसपास एकाहून अधिक पक्षी मेलेले दिसले तर पशुसंवर्धन खात्याला कळवणे हे आपले कर्तव्य आहे.

उत्तर मिळाले तरी

तपासणी झाली म्हणजे समाधान होतेच, असेही नाही. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या विदुषींनी १९७७ साली शिकागोच्या एका दुकानातून ॲलेक्स नावाचा करडा आफ्रिकी पोपट घेतला आणि तीस वर्षे त्याचा अभ्यास केला. त्याला शंभरावर शब्द येत, रंग, आकार कळत, सहापर्यंत मोजता येई. ६ सप्टेंबर २००७ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी, तो सकाळी पिंजऱ्यात मेलेला आढळला. पंधरवड्यापूर्वीच्या तपासणीत तो ठणठणीत होता. हृदयाची गती अवचित बिघडावी अशा कारणाकडे तज्ज्ञांनी बोट दाखवले. जगातल्या सर्वांत जपलेल्या पोपटाची ही गत! कारणाचे नाव कळले; पण कालपर्यंत बोलणारा आज गप्प का, हा प्रश्न त्या नावाने सुटला असेल असे मला वाटत नाही.

म्हणून उत्तर नसेल तेव्हा करायची गोष्ट माझ्या मते एकच. प्रत्येकाने आपल्या मनातला संशय बोलून टाकावा, आणि तोही लवकर. मनात ठेवलेला संशय वाढत जाऊन गुन्हा होतो. चौघांत मांडला की तो एक शक्यता होऊन बसतो. मुलांपासून तर काहीच लपवू नये. ‘उडून गेला’, ‘झोपला’ असल्या गोड थापांनी मूल दुःखातून वाचत नाही, ते दुःखात एकटे पडते. पुरायला त्याला बरोबर न्यावे, माती त्याच्या हाताने टाकू द्यावी.

आणि लगेच दुसरा पोपट आणू नये. इथे एक कबुली मलाही दिली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचा रानपोपट पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनेही ते संरक्षण कायम ठेवले आहे. पडलेले पिल्लू सापडले तर वनखात्याच्या स्वाधीन करायचे असते. आम्हाला हे माहीत नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. मी शिकलेली, मला माहीत होते. पण तिन्हीसांजेची ती हाक ऐकली की माझी जीभ उचलत नसे. त्या रात्री चौघांनी आपापला गुन्हा सांगितला, तेव्हा माझा पाचवा मीही सांगितला. बारा वर्षे ज्याला आकाश दिले नाही, त्याच्या एका रात्रीचा हिशेब आम्ही मांडत बसलो होतो.

आईला एकाच गोष्टीची हळहळ राहिली. घरात तीन मोबाईल, पण राघूची हाक कोणी ध्वनिमुद्रित केली नव्हती. पोपट पंचवीस-पंचवीस वर्षे जगतात, मग घाई कसली, असे आम्ही धरून चाललो होतो.

मी निघाले त्या सकाळी शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. “काहो, राघूचा आवाज नाई आला इतक्यात?” सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात मुलगा पुढे होऊन म्हणाला, “राघू मेला, काकू. पोळ्याच्या रात्री. कायनं मेला ते कोणालेच मालूम नाई.”

आई त्याच्या मागे उभी होती. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “पण लई गुणाचा होता.”