घोड्याच्या डोळ्यांची निगा

माथेरानच्या तांबड्या वाटांवर प्रवाशांना घेऊन चालणारा घोडा असो, गावोगावी टांगा ओढणारा असो, की लग्नाच्या वरातीत मिरवणारी घोडी असो. मालकाचे लक्ष तिच्या पायांकडे हमखास असते. नाल झिजली की ती बदलली जाते, पाय लचकला की विश्रांती दिली जाते. डोळ्यांकडे मात्र सहसा कोणी निरखून पाहत नाही. वस्तुतः अवघड वाटेवर घोड्याचे पाऊल नीट पडते, ते डोळ्यांच्याच आधारावर. घोडा आंधळा झाला, तर त्याच्यावर पोट असलेल्या कुटुंबाचाही आधार जातो.

जमिनीवरील सस्तन प्राण्यांमध्ये घोड्याच्या डोळ्यांची गणना सर्वांत मोठ्या डोळ्यांत होते. ते डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे घोड्याला मान न वळवता सभोवतीचे सुमारे ३५० अंशांपर्यंतचे दृश्य दिसू शकते. कपाळाच्या अगदी पुढचा आणि शेपटीच्या अगदी मागचा भाग तेवढा त्याला दिसत नाही. परंतु हाच मोठा, पुढे आलेला डोळा सहज दुखावतो. काटेरी फांदी, गवताचे कूस, तबेल्यातील उघडा खिळा, चाबकाचे टोक, धूळ आणि माश्या यांपासून त्याला सतत धोका असतो.

हिंस्र पशूंपासून जीव वाचवत जगलेल्या या प्राण्याची वेदना लपवण्याची प्रवृत्ती असते. म्हणून ती माणसालाच ओळखावी लागते. त्यासाठी दोन्ही डोळ्यांची तुलना करणे हा सर्वांत सोपा उपाय होय. समोर उभे राहून पाहिले असता निरोगी डोळ्याच्या वरच्या पापणीचे केस जवळजवळ आडवे दिसतात. दुखऱ्या डोळ्याचे केस खाली झुकलेले असतात. अर्धवट मिटलेला डोळा, सतत वाहणारे पाणी, पिवळट चिपडे, सुजलेली पापणी, उजेड न सोसणे, बुबुळावर निळसर किंवा पांढुरकी झाक येणे, ही इतर लक्षणे होत. एका बाजूने घोडा वारंवार दचकत किंवा अडखळत असेल, तर त्या बाजूची दृष्टी मंदावल्याची शंका घ्यावी.

लक्षणे सारखी दिसली, तरी कारणे वेगळी असू शकतात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडा पडून जखम होते. ती चिघळली तर थोड्याच दिवसांत डोळा फुटण्याचीही भीती असते. दुसरा आजार डोळ्याच्या आतील दाहाचा. तो बरा झाल्यासारखा वाटतो आणि काही काळाने उलटतो. चंद्राच्या कलांप्रमाणे तो येतो-जातो, अशी समजूत पूर्वी युरोपात होती. आज लेप्टोस्पायरा नावाच्या जिवाणूंचा त्याच्याशी संबंध असल्याचे ज्ञात आहे. वारंवार उलटणारा हा दाह अखेर अंधत्व आणतो. डासांमार्फत पसरणारा जंतही क्वचित डोळ्यात शिरतो. तो पाण्यात हलणाऱ्या पांढऱ्या दोऱ्यासारखा दिसतो आणि शस्त्रक्रियेने काढावा लागतो.

हा भेद न ओळखता औषध घालणे घातक ठरते. स्टेरॉइड असलेले थेंब आतील दाहावर उपयोगी पडतात. परंतु तेच जखमेवर घातले, तर जखम खोल जाते. पशुवैद्य डोळ्यात विशिष्ट रंगद्रव्य घालून पाहतात. जखम असेल तिथे हिरवा रंग उमटतो. त्यानंतरच औषध ठरते. म्हणून घरात उरलेले माणसांचे थेंब, चुना, तंबाखूचे पाणी किंवा झाडपाल्याचा रस घोड्याच्या डोळ्यात कधीही घालू नये.

पशुवैद्य येईपर्यंत घोड्याला कामावरून सोडवून अंधाऱ्या, धूळ नसलेल्या जागी बांधावे. तो डोळा कठड्यावर किंवा गुडघ्यावर घासणार नाही, याकडे लक्ष द्यावे. चिपडे असल्यास उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पापणीबाहेरून हलकेच टिपावेत. डोळ्यात काटा रुतला असेल, तर तो स्वतः ओढू नये. जवळ जाताना आधी आवाज द्यावा व दिसत्या डोळ्याच्या बाजूने जावे. अनेक राज्यांत १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावता येते. डोळ्याच्या दुखण्यात 'उद्या पाहू' असे म्हणणे महागात पडते. त्याच दिवशी उपचार सुरू व्हावेत.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. तबेल्यातील खिळे ठोकून टाकावेत, लीद रोज उचलावी म्हणजे माश्या कमी होतात, वाळलेले गवत थोडे ओले करून द्यावे आणि कपाळावर माश्या हाकणारी झालर बांधावी. रोज खरारा करताना दोन्ही डोळे क्षणभर निरखून पाहिले, तर दुखणे पहिल्याच दिवशी लक्षात येते. मुक्या प्राण्याला सांगता येत नाही. पाहणाऱ्याला मात्र पाहता येते.