जहाज चुकले, बंदर हुकले
सागरी सहलीची तयारी : भाग ७

मागच्या भागात केबिन कशी निवडावी ते पाहिले. आज बेत बिघडला तर काय करायचे ते पाहू. उशीर आपल्याला झाला की मार्ग जहाजाने बदलला, हा फरक आधीच ध्यानात घ्या. पुढचा भुर्दंड कोणाच्या माथी बसणार, ते बहुतेक त्यावरच ठरते.

मार्च २०२४ मध्ये ‘नॉर्वेजियन डॉन’ हे क्रूझ जहाज पश्चिम आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटापाशी नांगरले होते. आठ प्रवासी बाहेरच्या आयोजकाकडून सहल ठरवून बेटावर गेले आणि त्यांना परतायला उशीर झाला. जहाज समोर दिसत होते. तटरक्षकांच्या होडीने त्यांना जहाजापर्यंत नेलेही, पण वर घेतले गेले नाही. त्यांचे पासपोर्ट बंदरातल्या एजंटाकडे सोपवलेले होते. मग एकामागून एक देश ओलांडत ते गांबियातल्या बांजुलला पोहोचले, तर ओहोटीमुळे जहाज तिथे लागलेच नाही. अखेर सेनेगलच्या डाकारला त्यांनी ते गाठले.

यात वृद्ध माणसे होती, एक गर्भवती होती. वाचताना जीव कळवळतो. पण कप्तानाच्या बाजूनेही पाहायला हवे. जहाज बंदरातून बाहेर काढणाऱ्या पायलटची वेळ ठरलेली असते, पुढच्या बंदरातला धक्का ठराविक तासांसाठी राखलेला असतो, आणि वाया गेलेला वेळ भरून काढायचा तर वेग वाढवावा लागतो, म्हणजे इंधन जास्त जळते. म्हणूनच परतीची वेळ जहाज सुटण्याआधी साधारण अर्धा ते एक तास असते. ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे पाळायची. किनाऱ्यावर उतरताच मोबाइल स्थानिक वेळ दाखवू लागतो आणि तिथेच घोटाळा होतो. साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा.

रोज केबिनमध्ये दिवसाचा कार्यक्रम येतो. त्यावर परतीची वेळ आणि बहुधा बंदरातल्या एजंटाचे नाव व फोन नंबरही छापलेला असतो. उतरण्यापूर्वी त्या कागदाचा फोटो काढा. जहाज चुकलेच तर पहिला फोन या एजंटाला करायचा.

भारतीय पासपोर्टवर हा घोळ अधिकच वाढतो. पिरियसहून निघणाऱ्या ग्रीक बेटांच्या क्रूझमध्ये तुर्कस्तानचे कुशादासी बंदर बरेचदा असते. तिथे गेलात की तुम्ही शेंगेन क्षेत्राबाहेर पडलात. परत ग्रीसमध्ये यायला मल्टिपल एंट्री व्हिसाच हवा. तिथे जहाज चुकले तर पुढचे बंदर स्वतःच्या खर्चाने गाठायचे आणि त्या देशात शिरण्याची कागदपत्रेही स्वतःच दाखवायची. म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती कायम जवळ असू द्या.

दूरच्या ठिकाणी जायचे असेल तर जहाजाचीच सहल घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लिव्होर्नो बंदरावरून फ्लॉरेन्स पाहायला जाणे म्हणजे एका बाजूचा जवळपास ९० किलोमीटरचा प्रवास. रस्ता तुंबला तर जहाजाच्या सहलीची बस आल्याशिवाय जहाज सहसा निघत नाही, आणि निघालेच तर पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. बंदरालगतच्या गावात मात्र खुशाल आपले आपण फिरा.

सर्वांत मोठा धोका पहिल्याच दिवशी असतो. तिकिटावर ‘रोम’ लिहिलेले असले तरी जहाज सुटते चिविताव्हेकियाहून, आणि ते रोमपासून सुमारे ७०-८० किलोमीटर दूर आहे. मुंबईहून मध्ये विमान बदलून त्याच दिवशी तिथे पोहोचण्याचा बेत कधीही आखू नका. हॉटेलच्या एका रात्रीचे पैसे वाचवण्यापायी अख्खी सहल पणाला लागते. एक दिवस आधी पोहोचा; औषधे आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत ठेवा.

आता दुसरी बाजू : तुम्ही वेळेवर आहात, पण जहाज बंदरात जातच नाही. कोकणातल्या जुन्या बोटींचा प्रवास केलेल्यांना हे सांगावे लागत नाही. हर्णैसारख्या ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागत; पावसाळ्यात सेवा बंदच असे. सँटोरिनीला आजही क्रूझचे प्रवासी छोट्या बोटींतूनच उतरतात. लाटा वाढल्या की हे उतरणे रद्द होते. धक्क्याला लागतानाही उंच जहाजावर आडवा वारा जोरात आदळतो, आणि तेव्हा कप्तान बंदर सोडून देतो. त्याच्याशी वाद घालू नये. तिकिटाच्या अटींनी त्याला तो अधिकार दिलेला असतो.

पैशांचे काय? बहुधा त्या बंदराचे शुल्क तेवढे परत मिळते. जहाजाकडून घेतलेल्या सहलीची रक्कमही मिळते. बाहेरच्या आयोजकाकडे नोंदणी करताना ‘जहाज बंदरात आले नाही तर पूर्ण परतावा’ हे लेखी घ्या.

विमा घेताना नुसता रुग्णालयाचा खर्च पाहू नका. विमानाला उशीर, पुढचे विमान चुकणे आणि जहाज चुकणे ही तीन कलमे वेगवेगळी वाचा. किती तासांच्या उशिरानंतर भरपाई सुरू होते तेही पाहा. दाव्यासाठी विमान कंपनीचे उशिराचे लेखी पत्र लागते. ते विमानतळ सोडण्यापूर्वीच मागून घ्या. नंतर घरून पाठपुरावा करणे फार जिकिरीचे होते.

(पुढील भागात : जहाजावरचे बिल कसे वाचावे)