एकटा प्रकाशकण ओळखायचा कसा?

एक वॅट हिरव्या प्रकाशात दर सेकंदाला अडीच अब्ज गुणिले एक अब्ज इतके प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, असतात. आता मात्र नखाएवढ्या चिपवरून एका वेळी एकच फोटॉन सोडण्याचे प्रयत्न चालले आहेत. या चिपवर तारांऐवजी प्रकाशाच्या वाटा कोरलेल्या असतात. सिलिकॉनची अशी वाट जेमतेम अर्धा मायक्रोमीटर रुंद असते.

एकट्या फोटॉनची चाहूल घ्यायला नायोबियम नायट्राइडसारख्या पदार्थाची अतिसूक्ष्म तार वापरतात. २००१ मध्ये मॉस्कोच्या गोल्त्समन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत दाखवली. उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास या तारेतून वीज विनारोध वाहते. फोटॉन आदळला की तेवढ्या जागी रोध उत्पन्न होतो, विजेचा ठोका उमटतो आणि क्षणार्धात तार पूर्ववत होते.

पण ठोका हा पुरावा नव्हे. दोन फोटॉन एकदम आले तरी सामान्यतः ठोका एकच उमटतो. म्हणून प्रकाशाची वाट दुभंगून दोन्ही टोकांना एकेक शोधक ठेवतात. फोटॉन अर्धा होत नाही; तो एकटा असेल तर दोन्हीकडे एकाच वेळी ठोका पडायचा नाही. ही मांडणी १९५६ मध्ये हॅनबरी ब्राऊन आणि ट्विस यांनी केली. यांतले ब्राऊन आपल्या निलगिरीतल्या अरुवनकाडूचे, जन्म १९१६. पुढे १९७७ मध्ये किंबल, डॅजेनाइस आणि मँडेल यांनी सोडियम अणूंच्या प्रकाशात एकटेपणाची ही खूण टिपली. योगायोगाने अपेक्षित असलेल्या जोड-ठोक्यांच्या निम्म्याहूनही कमी जोड-ठोके आले, तर प्रकाश मुख्यतः एकेकट्या फोटॉनचा आहे, असे मानतात.

मग कॅमेरा कशाला? वाटेच्या खडबडीत कडांवरून थोडा प्रकाश वर निसटतो. अतिसंवेदनशील कॅमेऱ्याच्या एका चित्रात त्याचे चार-दोन ठिपकेच दिसतात. हजारो चित्रे एकावर एक रचली की वाट उजळते आणि गळती कुठे आहे ते कळते. अर्थात ती प्रतिमा एका फोटॉनची नसते, एकामागून एक आलेल्या असंख्य फोटॉनांची असते. फोटॉन कुठे निसटले हे कॅमेरा सांगतो; ते एकेकटे होते का, हे जोड-ठोक्यांची मोजणीच सांगते.

हा काटेकोरपणा कशासाठी? बेनेट आणि ब्रासार्ड यांनी १९८४ मध्ये फोटॉनांवरून गुप्त किल्ली पाठवण्याची रीत मांडली. एकाच्या जागी दोन सारखे फोटॉन निघाले, तर चोर एक ठेवून घेईल, दुसरा पुढे जाऊ देईल. घेणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. फोटॉन एकटा आहे ना, हे तपासणे म्हणजे आपले गुपित सुरक्षित आहे ना, हेच तपासणे होय.