परदेशांतील फ्लॅट आणि त्याची मासिक वर्गणी

शिक्षणाच्या वा नोकरीच्या निमित्तानें अमेरिकेंत गेलेलीं आपलीं मुलें आतां तेथें फ्लॅट घेऊं लागलीं आहेत, आणि त्या खरेदीचा खल येथें पुण्या-मुंबईच्या घरांतूनहि होत असतो. या चर्चेंत सारा भर बहुधा किंमतीवर असतो. परंतु श्रोतेहो, फ्लॅटला किंमती दोन असतात. एक खरेदीच्या दिवशीं द्यावयाची, आणि दुसरी, तो फ्लॅट आपल्या नांवावर असेपर्यंत, दर महिन्याला द्यावयाची. या दुसऱ्या किंमतीविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

फ्लॅटच्या चार भिंतींच्या आंत मालक एकटा असतो. पण छप्पर, जिना, लिफ्ट, पाण्याचे नळ, बाहेरच्या भिंती हें सारें सामाईक असतें, आणि त्याचा खर्च सर्वांनीं वांटून घ्यावा लागतो. ही कल्पना आपणांस नवी नाहीं. महाराष्ट्रांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकामखर्चाच्या दरसाल निदान ०.७५ टक्के रक्कम दुरुस्ती फंडासाठीं आणि ०.२५ टक्के रक्कम सिंकिंग फंडासाठीं घ्यावी असें सुचविलेलें आहे. म्हणजे वर्गणीचे दोन भाग असतात: चालू महिन्याचा खर्च आणि पुढील काळाची तरतूद. परदेशांतहि तत्त्व हेंच आहे. मात्र रचना निराळी असल्यामुळें फसगत होते.

न्यूयॉर्क शहराचें उदाहरण घ्या. तेथें फ्लॅटच्या मालकीचे मुख्य प्रकार दोन. पहिला 'को-ऑप'. यांत सबंध इमारत एका कंपनीच्या मालकीची असते. घेणाऱ्यास प्रत्यक्ष फ्लॅट न मिळतां त्या कंपनीचे शेअर्स मिळतात, आणि त्यांच्या आधारें ठराविक फ्लॅटांत राहण्याचा पट्टा मिळतो. शेअर्स जितके अधिक, तितकी वर्गणी अधिक. या वर्गणींत नोकरांचे पगार, विमा व हिवाळ्यांतील उष्णतेची सोय यांबरोबरच इमारतीवरील कर येतो, आणि कंपनीनें इमारत गहाण ठेवून कर्ज काढलें असल्यास त्याचा बोजाहि येतो. दुसरा प्रकार 'काँडोमिनियम'. यांत खरेदीखत फ्लॅट घेणाऱ्याच्याच नांवें होतें. वर्गणी सामाईक खर्चापुरती असते, आणि मालमत्तेचा कर ज्याचा त्यानें वेगळा भरावयाचा असतो. म्हणून एके ठिकाणीं २,००० डॉलर आणि दुसऱ्या ठिकाणीं १,२०० डॉलर वर्गणी ऐकून दुसरें घर स्वस्त ठरविणें म्हणजे शेराचा भाव आणि पायलीचा भाव एकाच तागडींत घालण्यासारखें आहे. कांहीं इमारती तर परक्याच्या जमिनीवर उभ्या असतात. जमिनीचें भाडें मुदतीअखेर वाढलें, म्हणजे तेंहि अखेरीस याच वर्गणींतून वसूल होतें.

खर्चाच्या बाबी सारख्या आहेत असें दिसल्यावर मग हिशेब करावा. समजा, एक फ्लॅट ४ लाख डॉलरांचा असून त्याची मासिक वर्गणी ४०० डॉलर आहे; दुसरा साडेतीन लाखांचा असून वर्गणी ९०० आहे. दरमहा ५०० डॉलरांचा फरक वर्षाला ६,००० होतो. आणि ६ टक्के दरानें हें १ लाख डॉलरांचें व्याज आहे. म्हणजे दुसरा फ्लॅट ५० हजारांनीं स्वस्त दिसतो, पण ५० हजारांनीं महाग पडतो. शिवाय फ्लॅट कुलूपबंद असो वा भाडेकरू निघून गेलेला असो, वर्गणी थांबत नाहीं. ती थकली तर फ्लॅटवर बोजा चढतो आणि प्रसंगीं तो विकलाहि जाऊं शकतो.

मात्र एवढ्यावरून कमी वर्गणी तेवढी चांगली, असें कोणीं समजूं नये. पहिल्या इमारतींत ४०० डॉलर पुरतात कसे, हें विचारलें पाहिजे. उद्यांची तरतूद टाळून आजची वर्गणी कमी ठेवलेली असेल, तर ती काटकसर नव्हे. तें न लिहिलेलें कर्ज आहे, आणि फ्लॅटबरोबर तें नव्या मालकाकडे जातें.

फ्लॉरिडा संस्थानांत मायामीजवळ सर्फसाइड येथें समुद्रकांठीं चँप्लेन टॉवर्स साउथ नांवाची १२ मजल्यांची इमारत होती. ती १९८१ सालीं पुरी झाली. २०१८ सालीं एका इंजिनिअरनें पाहणी करून, पोहण्याच्या तलावालगतच्या गच्चीखालीं पाणी मुरून काँक्रीटची मोठी हानि झाल्याचें लेखी कळविलें. खर्च मोठा आणि शिल्लक अपुरी. मालकांत वाद झाले, आणि अखेर २०२१ सालीं सुमारें दीड कोटि डॉलरांची जादा वर्गणी ठरली. लहानांत लहान फ्लॅटच्या वांट्यालाहि सुमारें ८० हजार डॉलर आले. काँक्रीटच्या दुरुस्तीचें मोठें काम सुरू होण्यापूर्वींच २४ जून २०२१ रोजीं, मध्यरात्र उलटून गेल्यावर, इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसें मृत्युमुखीं पडलीं. केवळ अपुऱ्या फंडामुळें हें घडलें असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. मूळ आराखड्यांतील उणीवाहि तपासांत पुढें आल्या. परंतु दुरुस्ती लांबणीवर टाकण्याची किंमत काय असूं शकते, हें सर्वांना कळून चुकलें.

त्यापूर्वीं फ्लॉरिडांत मालकांना मतदान करून राखीव निधि न जमविण्याची मुभा होती. २०२२ च्या कायद्यानें तीन किंवा अधिक मजल्यांच्या काँडोमिनियम इमारतींना जुन्या झाल्यावर तपासणी आणि छप्पर, पाया, मुख्य सांगाडा यांच्या दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज सक्तीचा केला. २०२४ च्या अखेरीपासून या बाबींची तरतूद टाळण्याची जुनी मुभा संपली. २०२५ सालीं कांहीं सवलती मिळाल्या, तरी पुष्कळ जुन्या इमारतींच्या वर्गण्या एकदम चढल्या. वर्षानुवर्षें न भरलेलें एकदम भरण्याची ती पाळी होती.

म्हणून बयाणा देण्यापूर्वीं तीन कागद मागावे. पहिला वार्षिक अंदाजपत्रक व ताळेबंद: वर्गणींत काय काय येतें आणि इमारतीवर कर्ज किती, हें त्यावरून कळतें. दुसरा राखीव निधीचा अहवाल: छप्पर, लिफ्ट यांचें आयुष्य किती उरलें आणि त्यासाठीं फंडांत किती जमा आहे, हें त्यांत पाहावें. न्यूयॉर्कमध्यें सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या बाहेरील भिंती ठराविक वर्षांनीं तपासाव्या लागतात. त्या तपासणीचा निकालहि विचारावा. तिसरा, मागील दोन-तीन वर्षांच्या सभांचें इतिवृत्त. गळती, जादा वर्गणी, कोर्टकचेरी हे शब्द त्यांत वारंवार आढळले, तर ओळखीच्या वकिलास व इंजिनिअरास तें वाचावयास द्यावें.

परदेशांतील मुलानें वा मुलीनें फ्लॅट पाहिल्याचें कळविलें, म्हणजे खोल्या किती, स्टेशन किती दूर, हें आपण विचारतोंच. त्याबरोबर, इमारतीच्या फंडांत शिल्लक किती आणि पुढील दहा वर्षांत मोठीं कामें कोणतीं, एवढें अवश्य विचारावें. उत्तर लागलीच मिळालें नाहीं, तर सही करण्यास आठ दिवस उशीर झालेला बरा.