विमान जमिनीवर किती काळ थांबतें?

भोर तालुक्यांतील भोंगवलीच्या शिवारांत काम करणाऱ्या माणसानें मान वर केली, तर उंचावरून जाणारें एखादें विमान त्याच्या दृष्टीस पडतें न पडतें तोंच दिसेनासें होतें. विमानाविषयीं बोलतांना जो तो त्याच्या वेगाविषयीं बोलतो. परंतु तेंच विमान तपासणीसाठीं व दुरुस्तीसाठीं जमिनीवर किती तास, किती दिवस, आणि प्रसंगीं किती महिने उभें राहतें, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः प्रवाशाची सुरक्षितता या थांबण्यावरच पुष्कळशी अवलंबून असते.

पुणें जिल्ह्याला या कामाचा परिचय जुना आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ जातीचें लहान विमान मुंबईस जुहू येथें उतरविलें आणि टाटांची हवाई टपालसेवा सुरू झाली. पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई. म्हणून दोन विमानें, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा तो सारा संसार पुण्यास, येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर हलविण्यांत आला. एका इंजिनाचें तें विमान. त्याचे सर्व भाग दोन-तीन माणसांच्या नजरेंत मावत.

आजचें मोठें प्रवासी विमान लाखों सुट्या भागांचें असतें, आणि त्याची निगा घराच्या निगेसारखी पायरीपायरीनें राखावी लागते. घराला रोजची झाडलोट असते, दिवाळीची साफसफाई असते, आणि कांहीं वर्षांनीं छप्पर उतरवून तें पुन्हा शाकारावें लागतें. विमानाचेंहि तसेंच आहे. दोन उड्डाणांमधील अर्ध्या-पाऊण तासांत चाकें, ब्रेक, इंजिनाचें तोंड व बाहेरचा पत्रा पाहून घेतात. सुमारें ४०० ते ६०० तास उडाल्यावर होणारी तपासणी बहुधा एका रात्रींत उरकते. दीड-दोन वर्षांनीं होणाऱ्या तपासणीस एक-दोन आठवडे लागतात. आणि सहा ते दहा वर्षांनीं विमान जवळजवळ सोलून काढतात. त्या वेळीं तें महिना-दोन महिने हँगरमध्यें राहतें. एका माणसाचें एका तासाचें काम म्हणजे एक श्रमतास असें धरलें, तर पहिल्या रात्रीच्या तपासणीस ५० ते ७० श्रमतास पुरतात. मोठ्या विमानाच्या या शेवटच्या तपासणीस ५०,००० पर्यंत लागतात.

एवढा वेळ कशांत जातो? प्रत्यक्ष दुरुस्तींत थोडा, उघडण्यांत आणि पाहण्यांत अधिक. आसनें, जमिनीच्या फळ्या, आंतील अस्तर काढल्यावांचून पत्र्याचा गंज दिसत नाहीं. डोळ्यांना न दिसणारी भेग ध्वनिलहरींनीं किंवा विद्युत्प्रवाहानें शोधावी लागते. भेग सांपडली कीं ठरलेला अंदाज चुकतो. नवा भाग मागवावा लागतो. अखेरीस परवानाधारक अभियंत्यानें सही केल्यावांचून विमान सुटत नाहीं.

इंजिनाची गोष्ट निराळी. तें उतरवून दुसरें तयार इंजिन चढविणें एक-दोन दिवसांचें काम. पण उतरविलेलें इंजिन कारखान्यांत कित्येक आठवडे, कधीं महिनेहि राहतें. बदली इंजिन नसेल, तर धडधाकट विमानहि उभें राहतें. मुंबईच्या गो फर्स्ट कंपनीनें मे २०२३ मध्यें उड्डाणें थांबविलीं, तेव्हां इंजिनांच्या अभावीं आपलीं निम्मीं विमानें जमिनीवर असल्याचें कारण तिनें दिलें होतें.

उभ्या विमानाचें उत्पन्न बुडतें, म्हणून वेळ वांचविण्याचा मोह होतो. २५ मे १९७९ रोजीं अमेरिकेंत शिकागो येथें डीसी-१० जातीचें विमान धांवपट्टी सोडीत असतांच त्याचें डावें इंजिन निखळलें आणि विमान कोसळलें. त्यांतील सर्व २७१ व जमिनीवरील २ माणसें मरण पावलीं. चौकशींत आढळलें तें असें : सुमारें आठ आठवड्यांपूर्वीं, इंजिन आणि त्याला पंखाशीं जोडणारा आधार वेगवेगळे न काढतां फोर्कलिफ्टनें एकत्रच उतरविण्यांत आले होते. ही रीत निर्मात्यानें सांगितलेली नव्हती; तिच्यामुळें प्रत्येक विमानामागें सुमारें २०० श्रमतास वांचत. त्या कामांत आधाराला तडा गेला, आणि तो पुढें वाढत गेला.

महाराष्ट्रांतहि हें काम आतां मोठ्या प्रमाणावर चालतें. नाशिकजवळ ओझर येथें १९६४ सालीं मिग विमानांच्या बांधणीसाठीं कारखाना निघाला; पुढें सुखोई विमानांची आमूलाग्र दुरुस्तीहि तेथें होऊं लागली. नागपूरच्या मिहान क्षेत्रांतील केंद्रांत २०१५ पासून बोइंग विमानांच्या तपासण्या होऊं लागल्या.

'तांत्रिक कारणामुळें विलंब' अशी घोषणा ऐकून प्रवासी त्रासतो, तें स्वाभाविक आहे. परंतु त्या वेळीं एखाद्या अभियंत्यानें, शंका फिटली नाहीं म्हणून, आपली सही राखून ठेवलेली असते. ती सही कागदावर पडेपर्यंत विमान जमिनीवर राहतें, आणि तसें राहणेंच योग्य.