हातांनाही हवी पुरेशी झोप

दुधाचं पातेलं उतरवताना हात हलला, विळीवर कांदा चिरताना बोट कापलं, कपबशी हातातून निसटली, की घरातून हमखास प्रश्न येतो, "लक्ष कुठं होतं तुझं?" आणि आपणही मनाशी म्हणतो, खरंच, हल्ली माझं कशात लक्षच नसतं. मैत्रिणींनो, स्वतःला असा बोल लावण्याआधी एक साधा हिशेब करून बघा. आदल्या रात्री आपण किती तास झोपलो होतो?

हात आणि डोळे यांचा मेळ घालणं हे मेंदूचं काम. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर जो लहान मेंदू असतो, तो यात विशेष तरबेज. पोळी लाटताना कुठं किती दाब द्यायचा, सुईत दोरा ओवताना हात नेमका कुठं थांबवायचा, हे सारं तो आपल्याला कळूही न देता सांभाळतो. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागे गोळी लागलेल्या सैनिकांना गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरांनी बारकाईनं तपासलं आणि १९१७ साली आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. लहान मेंदूला इजा झाली, की वस्तूकडे हात नेताना नेम चुके, हालचाल तुटक होई.

आजही मेंदूचे डॉक्टर हा मेळ अगदी साध्या रीतीनं पाहतात. आपलं बोट आधी स्वतःच्या नाकाला, मग डॉक्टरांच्या बोटाला आळीपाळीनं लावायचं. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून खाली न्यायची. पावलाला पाऊल जोडून सरळ रेषेत चालायचं. यंत्र नाही, सुई नाही. पण जाणत्या नजरेला त्यातून पुष्कळ कळतं.

आता गंमत अशी, की धडधाकट माणसाचाही हा मेळ बिघडतो, आणि त्याला जागरण पुरतं. ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ साली ४० जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. या माणसांना एकदा जागं ठेवलं, एकदा दारू पाजली, आणि दोन्ही वेळा हात-डोळ्यांच्या मेळाची एकच परीक्षा घेतली. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतके चुकत होते. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला कायद्यानं ३० मिलिग्रॅमच्या पुढं परवानगी नाही!

पहाटे पाचला उठणारी बाई रात्री दहाला ओटा पुसत असते, तेव्हा तिचे बरोबर १७ तास भरलेले असतात. नंतर विरजण लावायचं, उद्याची भाजी निवडायची, ती वेगळीच. सरकारनं २०१९ साली देशभर केलेल्या वेळेच्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ९७, असं आढळलं. झोप कुणाची कापली जाते, हे वेगळं सांगायला नको.

मग सगळी निजली, की आपण मोबाइल हातात घेतो. दिवसभरातली तेवढीच आपली हक्काची घटका, ती कुणी का सोडावी? पण तिची किंमत माहीत असू द्या. अंधार पडला, की मेंदूतली पीनियल ग्रंथी मेलॅटोनिन हे द्रव्य सोडते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. डोळ्यावर प्रकाश, विशेषतः निळसर प्रकाश पडत राहिला, की ही वर्दी लांबते. अमेरिकेत बोस्टनच्या एका इस्पितळात १२ जणांना पाच रात्री प्रकाशणाऱ्या पडद्यावर आणि पाच रात्री छापील पुस्तकात वाचायला दिलं. पडद्याच्या रात्री त्यांचं मेलॅटोनिन निम्म्याहून कमी झालं, झोप सुमारे दहा मिनिटं उशिरा लागली आणि सकाळी डोळे जड राहिले. हे निष्कर्ष २०१५ सालचे. दहा मिनिटं थोडी वाटतील. पण "एवढा एकच व्हिडिओ" म्हणत आपण जो तास घालवतो, तो त्यात धरलेला नाही बरं का!

उलट, झोप हातांना शिकवतेही. हार्वर्डच्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं, की बोटांनी ठराविक क्रमानं कळा दाबायला शिकलेली माणसं रात्रीची झोप झाल्यावर, मध्ये सराव न करताही, सुमारे २० टक्के जास्त वेगानं कळा दाबू लागली. पेटी शिकणारी लेक असो की नवं शिवणयंत्र घेतलेली आपण, झोप मोडून केलेला सराव फायद्याचा नाही.

मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी. त्यासाठी मोबाइल निजायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावा, गजराला साधं घड्याळ घ्यावं. निजण्यापूर्वीचा अर्धा तास मासिक किंवा पुस्तक वाचावं. उकळतं तेल, धारदार विळी यांची कामं रात्री उशिरावर टाकू नयेत.

एक गोष्ट मात्र झोपेवर ढकलायची नाही. एकाएकी एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली किंवा तोल जाऊ लागला, तर "थोडं पडते" म्हणू नका. तो पक्षाघात असू शकतो. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं. ताबडतोब १०८ ला फोन करा.

एरवीचं औषध घरातच आहे. आज रात्री जेवणं आटोपली, की खुशाल सांगा, "झाकपाक आज तुम्ही करा, मी निजते."