हेवी मेटल गिटार की संकरित इलेक्ट्रिक गिटार? : निवडीचा एक तांत्रिक विचार

प्रस्तावना :

इलेक्ट्रिक गिटार घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासमोर साधारणतः दोन पर्याय असतात. एक, केवळ हेवी मेटल या संगीतप्रकारासाठी घडविलेले वाद्य. दुसरे, अनेक संगीतप्रकारांना पुरे पडणारे संकरित वाद्य. बहुतेकांना एकच वाद्य परवडते आणि तेच अनेक वर्षे वापरावे लागते. त्यामुळे ही निवड केवळ आवडीवर सोडता येत नाही. वाद्य कसे वाजते यापेक्षा त्याचे कोणते अंग पुढे बदलता येईल आणि कोणते येणार नाही, हा प्रश्न आधी विचारावा, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

हेवी मेटलसाठी विशेष गिटार लागते, या समजुतीला इतिहासाचा फारसा आधार नाही. बर्मिंगहॅम येथील टोनी आयोमी हा डावखुरा वादक. १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तारा दाबणे सुसह्य व्हावे म्हणून त्याने हलक्या तारा वापरल्या आणि १९७१ च्या सुमारास ब्लॅक सबाथच्या काही गीतांसाठी त्या तीन अर्धस्वर खाली उतरविल्या. त्याच्या हाती होती ती गिब्सन एसजी स्पेशल, म्हणजे कारखान्यातून एकेरी गुंडाळीच्या पिकअपसह येणारी सर्वसाधारण गिटार. पुढे मेटलची खूण ठरलेला खोल स्वर असा एका जखमी हाताच्या सोयीतून आला.

पिकअपचे कार्य :

पिकअप म्हणजे चुंबक व त्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते व गुंडाळीत विद्युत्प्रवाह निर्माण होतो. परंतु हीच गुंडाळी आसपासच्या वीजपुरवठ्याची घरघरही टिपते. भारतात हा पुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ती घरघर मंद्र सप्तकात ऐकू येते. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी उलट दिशेच्या दोन गुंडाळ्या व उलट ध्रुवांचे चुंबक एकत्र जोडले. त्यामुळे घरघर परस्परांत विरते, तारेचा ध्वनी मात्र दुणावतो. हाच हंबकर होय. मेटलमध्ये ॲम्प्लिफायर संकेताची प्रचंड वाढ करतो व त्याबरोबर घरघरही वाढते. म्हणून तेथे हंबकर जवळजवळ अपरिहार्य ठरतो.

संकरित गिटारमध्ये ब्रिजपाशी एक हंबकर व पुढे दोन एकेरी पिकअप, अशी मांडणी आढळते. काही वाद्यांत हंबकरची एक गुंडाळी बंद करण्याची कळ असते. मग आवाज पातळ व स्वच्छ होतो, अर्थात घरघरही परतते. पिकअप पुढे बदलता येतात, आणि मेटलच्या विकृत ध्वनीचा मोठा वाटा ॲम्प्लिफायरचाच असतो. तेव्हा केवळ पिकअप पाहून विशेष गिटार घेण्याचे कारण नाही.

ब्रिज :

खरी अडचण ब्रिजची आहे. अनेक मेटल गिटारींना फ्लॉइड रोझ पद्धतीचा तरंगता ब्रिज असतो. एका बाजूने तारांचा ओढा व दुसऱ्या बाजूने मागील पोकळीतील स्प्रिंगांचा ओढा, या तोलावर तो उभा असतो. त्याच्या दांड्याने स्वर एकदम खोल नेता येतो व पुन्हा जागेवर आणता येतो. पण जाड तार दोन अर्धस्वर उतरविली, की तोल बिघडतो, स्प्रिंगा ब्रिज मागे खेचतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. शिवाय मानेकडील कुलुपे किल्लीने सैल करून सर्व तारा पुन्हा लावाव्या लागतात. कार्यक्रमात तार तुटल्यास गीत तेथेच थांबते. ब्रिजमागे लाकडी पाचर बसवून तो स्थिर करता येतो, हे खरे. परंतु मग त्या ब्रिजसाठी मोजलेले जादा पैसे कशासाठी मोजले?

तारेची लांबी व ताण :

तारेचा ताण हा तिची लांबी व वारंवारता यांच्या गुणाकाराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सहावी तार नेहमीच्या ‘ई’ स्वरात, म्हणजे सुमारे ८२.४ हर्ट्झवर लावतात. ती चार अर्धस्वर उतरवून ‘सी’ केली, की तीच तार मूळ ताणाच्या सुमारे ६३ टक्क्यांवर येते. ती लुळी पडते, दाबताना बेसूर होते. जाड तार हा उपाय आहे, पण मग खाचा रुंद कराव्या लागतात व मानेचा बाक पुन्हा जुळवावा लागतो. लांबी वाढवणे हा दुसरा उपाय. २५.५ इंचांऐवजी २७ इंच लांबी असल्यास ताण सुमारे १२ टक्के अधिक मिळतो. ही लांबी मात्र नंतर बदलता येत नाही. म्हणून ज्याचा वाद्यवृंद ठरला आहे व जो नित्य ‘सी’ वा त्याखाली वाजवणार आहे, त्याने लांब मानेची, स्थिर ब्रिजची मेटल गिटारच घ्यावी. तेथे तडजोड करू नये.

इतरांनी संकरित वाद्य घ्यावे. १९९३ मध्ये बाजारात आलेल्या पार्कर फ्लाय या गिटारीत चुंबकीय पिकअपबरोबर ब्रिजमध्ये पीझो स्फटिक होते. पीझो चुंबकाऐवजी दाबातील बदल टिपतो, त्यामुळे ध्वनी ॲकॉस्टिक गिटारच्या जवळ जातो. आपल्याकडील ऑर्केस्ट्रात एका गीताला ॲकॉस्टिकची साथ व पुढच्याला विकृत ध्वनी लागतो. तेथे ही सोय फार मोलाची आहे. लाकूड, रंग व टोकदार आकार यांविषयी बरेच बोलले जाते. बसून वाजवताना टोकदार गिटार मांडीवर ठरत नाही, एवढे सांगणे पुरे.

खरेदीपूर्वी वाद्य प्रथम कोणत्याही विकृतीविना, स्वच्छ ध्वनीवर ऐकावे व पिकअपची कळ प्रत्येक स्थानी फिरवून पाहावी. नंतर सहावी तार ‘डी’पर्यंत उतरवून इतर तारा तपासाव्यात. तरंगता ब्रिज असल्यास दुकानदारास सर्व तारा पुन्हा स्वरात लावावयास सांगावे आणि त्याला किती मिनिटे लागली, हे घड्याळात पाहून ठेवावे.